पाण्यातला ठिपका

"माशांना चहा कोण पाजतंय रे आपल्यात?" अप्पांनी विचारलं आणि खोलीतले सगळे खो खो हसले. मी सोडून.

समोरच्या भिंतीवर माझा नकाशा पडला होता. सोलापुरातल्या घुंगरू छाप चहाच्या कचेरीत ही भिंत त्या दिवसासाठी मुद्दाम पांढरी करून घेतली होती. रंगाचा वास अजून गेला नव्हता. गोष्ट नव्वदच्या दशकातली. नकाशे संगणकावर करायची चैन तेव्हा आमच्याकडे नव्हती. मी पारदर्शक प्लास्टिकच्या कागदांवर रंगीत पेनांनी नकाशे काढायची. एका कागदावर गावं, दुसऱ्यावर रस्ते, तिसऱ्यावर आमच्या चहाच्या विक्रीचे लाल ठिपके. जितका खप जास्त तितका ठिपका मोठा. सगळे कागद कोपरे जुळवून एकावर एक ठेवले आणि प्रोजेक्टर लावला, की चहा कुठे खपतो आणि कुठे आमची गाडी नुसतीच हवा खाऊन येते ते भिंतीवर उघडं पडायचं.

हे सगळं आमच्या मालकांच्या, म्हणजे अप्पांच्या चिरंजीवांचं खूळ. राजशेखर पुण्याहून व्यवस्थापन शिकून आला आणि आल्या आल्या त्याने कंपनीत दोन नव्या वस्तू आणल्या, एक प्रोजेक्टर आणि एक मी. मी भूगोलाची एम.ए. आमच्या घरात भूगोल हा विषय आहे असं कुणी मानतच नव्हतं. वडील म्हणायचे, "भीमा कुठून निघते ते राहू दे, आपल्या नळाला पाणी कधी येणार ते सांग." ते मला सांगता येत नसे, त्यामुळे वाद तिथेच मिटे.

त्या दिवशीच्या बैठकीला कारण होतं. कंपनीच्या गाड्या चहा घेऊन गावोगाव फिरायच्या आणि त्यातली एक बंद करायची होती. कोणती, ते माझा नकाशा सांगणार होता. तासभर सगळं झकास चाललं होतं. गावांवर रस्ते बसले, रस्त्यांवर ठिपके बसले, अप्पा मान डोलावू लागले. सगळ्यांत टपोरा ठिपका वाघोटी नावाच्या गावावर होता, भानुदास ताटे या आमच्या फिरत्या विक्रेत्याच्या नावावर. "वा रे ताटे," अप्पा म्हणालेसुद्धा.

तेवढ्यावर थांबले असते तर बरं झालं असतं. पण माझ्याकडे अजून एक कागद होता, निळा. त्याची खरं तर काही गरज नव्हती. राजशेखरने आदल्या दिवशी येऊन सांगितलं होतं, "वैजयंती, जरा रंगीत दिसू दे गं. सगळंच रुक्ष वाटतंय." म्हणून मी नव्या नकाशावरून धरणाचा जलाशय उतरवून घेतला होता, चांगला हात पाय पसरलेला, आणि मन लावून निळा रंगवला होता. तो कागद मी वर ठेवला. कोपरे जुळवले. वाघोटीचा तो टपोरा लाल ठिपका बरोब्बर पाण्याच्या मधोमध गेला.

मग अप्पांचा तो माशांचा प्रश्न आला.

"अप्पा, मला हे कधीपासून वाटत होतं," असं म्हणत डोईफोडे साहेब खुर्चीतून पुढे सरकले. डोईफोडे म्हणजे आमचे विक्री व्यवस्थापक. नकाशा सुरू झाल्यापासून ते डोळे मिटून बसले होते. माझ्या माणसांना पाय आहेत, त्यांना नकाशा कशाला, असं त्यांचं मत होतं आणि ते माझ्यासमोर बोलून दाखवायला ते कधी लाजले नव्हते. "लहान गावातल्या विक्रीवर आपण जादा कमिशन देतो. हा ताटे माल देत असणार शहरातल्या एखाद्या व्यापाऱ्याला आणि बिल फाडत असणार बुडालेल्या गावाच्या नावानं. कोण जाणार तपासायला? पोहता येतं का कुणाला?"

पुन्हा हसू. ताटे बैठकीला नव्हता. तो फिरतीवर होता, बहुधा माशांकडे.

"किंवा," डोईफोडे माझ्याकडे बघून गोड आवाजात म्हणाले, "बाईंचा नकाशाच चुकला असेल. तसं असेल तर हा खर्च आपण कशासाठी करतोय?"

अप्पा हत्तुरे बुटके, कपाळावर विभूतीचे पट्टे ओढलेले, आवाज मात्र दोन गल्ल्यांना पुरेल असा. त्यांनी हात वर केला आणि हसणं थांबलं.

"हे बघ पोरी. एक तर तू चुकलीस, नाही तर ताटे चोर आहे. सोमवारी परत बसू. जो खोटा निघेल तो घरी जाईल. ताटे गेला तर त्याची गाडी पण बंद. संपलं."

घरी जाणं म्हणजे माझ्या बाबतीत बार्शीला जाणं. बार्शीचं एक स्थळ महिनाभर आमच्या उंबऱ्यात अडून बसलं होतं. मुलाचं खतांचं दुकान होतं. बघायला आला तेव्हा त्याने मला विचारलं होतं, "नकाशे काढता म्हणजे रांगोळीसारखंच ना?" मी नोकरीचं निमित्त सांगून ते प्रकरण पुढे ढकलत होते. नोकरी गेली की निमित्त गेलं. मला त्या प्लास्टिकच्या कागदांचा, त्या पेनांच्या वासाचा फार लोभ होता. कुणी विचारून माझ्या कामाकडे बघावं असं आयुष्यात पहिल्यांदाच होत होतं, आणि ते मला सोडायचं नव्हतं.

सगळे गेल्यावर मी कागद पुन्हा पुन्हा जुळवून पाहिले. गावांचा कागद मी कॉलेजच्या जुन्या सर्वेक्षण नकाशावरून उतरवला होता. तो धरणाच्या आधीचा. त्यावर वाघोटी होती, नदीच्या वळणावर, ठसठशीत. पाणी नव्या नकाशावरचं. म्हणजे दोन्ही कागद आपापल्या जागी खरे होते आणि एकत्र आले की वेड्यासारखे दिसत होते.

दुसऱ्या दिवशी ताटे गोदामात सापडला. पिळदार मिशा, मनगटाला अत्तर, शर्टाची वरची बटणं उघडी. कंपनीतला सगळ्यांत मोठा बढाईखोर माणूस अशी त्याची ख्याती होती आणि ती टिकवण्यासाठी तो कष्टही घेत असे.

"ताटे, वाघोटीला तुम्ही माल कुठे देता?"

"वाघोटीत."

"वाघोटी पाण्यात आहे."

"मंग? पानी काय आज आलंय का? मी न्हान हुतो तवाच आलंय."

"अहो, मग तिथे माल कसा पोचवता?"

ताटेने एक क्षण गोदामाच्या छताकडे पाहिलं. "होडीनं," तो म्हणाला.

"चहाची पोती होडीतून?"

"आपला हात बसलाय बाई. एक थेंब उडू देत न्हाई."

"आणि चहा घेतं कोण? मासे?"

"मासं उधारीवर मागत्यात. मी देत न्हाई."

मी हसले नाही. मी त्याला बैठकीत काय ठरलं ते सगळं सांगितलं. डोईफोडे काय म्हणाले तेही. ताटेचा हात मिशीवरून खाली आला. कमिशनसाठी खोटी बिलं हे शब्द ऐकून त्याचा चेहरा पार उतरला. मला वाटलं, चोर सापडला. खरं सांगते, मला बरं वाटलं. बार्शी दोन पावलं मागे सरकली.

"गुरुवारी मला घेऊन चला," मी म्हणाले. "तुमची वाघोटीची विक्री गुरुवारचीच असते ना? मला बघायचंय."

"तुमाला कशाला तरास?"

"मला होडीत बसायचंय."

ताटेने पोत्यावरची धूळ झटकली. मग म्हणाला, "या. पर डोकं झाकायला कायतरी आना. तिथं झाड न्हाई."

गुरुवारी सकाळी निघालो. ताटे स्वतःच गाडी चालवायचा. वाटभर तो बोलला नाही, हेच मला मोठं विचित्र वाटलं. आम्ही मोठा रस्ता सोडला, मग डांबर सोडलं, मग रस्ताच सोडला. दोन ठिकाणी वसाहतींच्या पाट्या दिसल्या. पुनर्वसन वसाहत आणि पुढे नुसता क्रमांक. सारखी घरं, सरळ रेषेत. ताटे कुठेच थांबला नाही. शेवटी एक चढ ओलांडला आणि समोर पाणीच पाणी. धरणाचा फुगवटा. काठावर माळ, बाभळीची चार खुरटी झुडपं आणि त्या माळावर बाजार भरलेला.

"होडी कुठाय?" मी विचारलं.

"हित्तं होडी लागत न्हाई," ताटे म्हणाला आणि उतरला.

बाजार कसा असतो ते मला माहीत होतं. हा तसा नव्हता. भाजी होती, बांगड्या होत्या, कंदिलाच्या काचा होत्या, पण कुणी ओरडत नव्हतं आणि घेणाऱ्यांना घाई नव्हती. जीप भरभरून माणसं येत होती. लांबलांबहून, तीन जिल्ह्यांतून आलेली. उतरली की सरळ आपापल्या जागी जाऊन बसत होती. भाजी घ्यायला आलेली बाई भाजीकडे बघतही नव्हती. ती दुसऱ्या बाईच्या मांडीला मांडी लावून बसायची आणि चहा मागवायची. सगळीकडे चहाच चालला होता. कपबशा, पेले, जर्मनचे वाडगे, एकाने तर तांब्याच लावला होता तोंडाला.

मी मधल्या मोकळ्या जागेत जाऊन उभी राहिले, तिथून सगळं नीट दिसेल म्हणून. गर्दीत तेवढी एकच जागा रिकामी होती.

"अगं ए पोरी!" एक खणखणीत आवाज आला. "आडात उभी राह्यलीयास की!"

मी दचकून खाली पाहिलं. पायाखाली साधा मुरूम होता. आवाज चहाच्या हॉटेलातून आला होता. हॉटेल म्हणजे चार बांबू, एक ताडपत्री, तीन चुली. त्यांच्यामागे एक धिप्पाड म्हातारी झारा हातात घेऊन उभी होती. ही सुभद्राआक्का, हॉटेलची मालकीण.

"सर तिथनं. आडावर कुनी उभं ऱ्हातं का?"

मी सरकले. तेव्हा माझ्या लक्षात आलं, त्या मोकळ्या गोल जागेतून कुणीच चालत नव्हतं. डोक्यावर पाटी घेतलेली बाईसुद्धा वळसा घालून जात होती. एक म्हातारा पलीकडून इकडे आला, सवयीने कडेकडेने. लहान पोरं पळत होती, तीही तिथे आली की वळत होती. त्या पोरांचा जन्म पाण्यानंतरचा.

"कुठं होता आड?" मी आक्काला विचारलं.

"तितंच. तू हुबी हुतीस तितं."

"इथे? या माळावर?"

"आता बाई कसं सांगू हिला," आक्का गिऱ्हाइकांना म्हणाली आणि मग झाऱ्याने मला दाखवू लागली. "ही बांगड्यावाली बसलीय ना, ती वेस. तिच्या पल्याड कुंभारआळी. त्ये जीपवाले उतरत्यात तितं चावडी. म्या हाय ती माझ्या घराम्होरं हाय. आन् ह्यो तुझा भान्या ताटे, ह्ये वरल्या आळीचे लोक. बग, बसला का न्हाई वर जाऊन?"

ताटे खरंच माळाच्या चढावर जाऊन बसला होता. चार म्हाताऱ्यांच्या घोळक्यात, अत्तरबित्तर लावलेला, शाळेतल्या मुलासारखा मान खाली घालून. एक म्हातारा त्याला काहीतरी झापत होता.

मला भूगोल शिकून इतकी वर्षं झाली होती, पण नकाशावर उभं राहायची वेळ पहिल्यांदाच आली. गाव पाण्याखाली गेल्यावर माणसं तीन जिल्ह्यांतल्या वसाहतींमध्ये वाटली गेली होती. कुणाला कोरडवाहू, कुणाला खडक, कुणाला सासरवाडीच्या दारात. पण वाघोटीचा बाजार गुरुवारचा, तो त्यांनी सोडला नव्हता. गावाच्या जवळात जवळ जिथे जमीन उरली होती तिथे ते दर गुरुवारी येत होते आणि अख्खं गाव, आळीला आळी लावून, पुन्हा मांडत होते. संध्याकाळी उचलून घेऊन जात होते. देवळाचं शिखर वगैरे पाण्यातून वर आलेलं काही दिसत नव्हतं. तसं ते चित्रात असतं. इथे नुसतं पाणी होतं आणि एका बाजूला म्हशी पोहत होत्या.

"इतका चहा कसा लागतो तुम्हाला?" मी विचारलं.

"आठवड्याचं बोलणं साचतं," आक्का म्हणाली. "घसा सुकतो. आन् जाताना परत्येक जन आपल्या वसाहतीतल्या दुकानाला इथनंच माल नेतो. भान्याकडनंच. गावचा पोरगा हाय, दुसऱ्याकडनं का घ्यावा?"

"मग बिलावर वाघोटी का लिहिलेलं असतं? वसाहतीचं नाव का नाही?"

आक्काने झारा खाली ठेवला. "लगीन झालं तवा मला वाघोटीत दिली. वसाहत क्रमांक कितीत न्हाई दिली. त्यानं दुसरं कायबी लिवलं की म्या माल परत करती."

परतताना गाडीत मी ताटेकडे वळले. "हे आधी का नाही सांगितलं?"

"सांगून काय हुणार? त्या वसाहती सगळ्या दुसऱ्यांच्या हद्दीत हायेत. दुसऱ्याच्या हद्दीत माल विकला की डोईफोडे घरी घालवतो. मागं एकाला घालवलंय. मला म्हाईत न्हाई व्हय?" मग थोड्या वेळाने, "बाई, ठिपका हलवू नका."

"अहो ताटे, ठिपका पाण्यात राहिला तर मी वेडी ठरते. तो काठावर आणला तर तुम्ही दुसऱ्याच्या हद्दीत सापडता. म्हणजे राहिला तर मी घरी, हलवला तर तुम्ही."

ताटेने विचार केला. "आपन दोघंबी घरी जाऊ," तो म्हणाला. "सोबत हुईल."

त्या रात्री मला जेवण गेलं नाही. आईला वाटलं, बार्शीचा विचार करतेय, म्हणून ती उगीच खूश झाली. मी विचार करत होते त्या आडाचा. एक सोपी वाट होती. वाघोटीचा ठिपका फोडायचा, त्याचे बारीक बारीक ठिपके करून वसाहतींवर वाटून टाकायचे. तोही नकाशा बरोबरच म्हणावा लागला असता. सरकारने माणसांचं जे केलं होतं तेच मी चहाचं केलं असतं. माझी नोकरी राहिली असती. ताटे गेला असता. मला त्या कल्पनेचा राग आला. माणूस बढाईखोर होता, पण चोर नव्हता. आणि आक्काने माल परत केला असता ते वेगळंच.

शुक्रवारी सकाळी मी कचेरीत जाऊन एक नवा कागद काढला. आमच्या मुलखातल्या प्रत्येक गावाचा आठवडी बाजार कोणत्या वारी असतो ते त्यावर मांडलं. प्रत्येक वाराला एक रंग. माहिती गोळा करायला शनिवार गेला. एसटी स्टँडवर उभं राहून मी कंडक्टरांना विचारत होते. एकाने मला विचारलं, "लग्नाची खरेदी का?"

सोमवारी भिंतीपुढे तेच सगळे बसले. या वेळी ताटेलाही बोलावलं होतं. तो दाराजवळ उभा होता, बटणं गळ्यापर्यंत लावलेली. मी गावांचा कागद ठेवला, रस्त्यांचा ठेवला, ठिपक्यांचा ठेवला. मग निळा. वाघोटी होती तिथेच, पाण्याच्या मधोमध.

"हलला नाही वाटतं अजून," डोईफोडे म्हणाले.

मी वारांचा कागद वर ठेवला. मग गाड्या कोणत्या वारी कुठे जातात ते पेनाने रेघा ओढून दाखवायला लागले. दोनतीन रेघांतच अप्पा उठून भिंतीपाशी आले. सोमवारच्या बाजाराच्या गावी आमची गाडी मंगळवारी जात होती. बुधवारच्या गावी सोमवारी. एका गावी तर बाजार उठल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी, झाडलोट चालू असताना. जिथे जिथे गाडी बाजाराच्या दिवशी पोचत होती तिथे ठिपका मोठा होता. बाकी सगळीकडे बारके ठिपके, मुंगीएवढे.

"हे वेळापत्रक कुणी केलं?" अप्पांनी विचारलं.

डोईफोडे साहेबांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"मी तालुक्यांप्रमाणे केलंय," ते शेवटी म्हणाले. "एका दिवशी एक तालुका. शिस्त असते त्यात."

"शिस्त गेली खड्ड्यात. मी डोक्यावर चहाचं गाठोडं घेऊन धंदा सुरू केला तो बाजार बघून. माणूस बाजाराला येतो, तालुक्याला येत नाही." अप्पा माझ्याकडे वळले. "ते जाऊ दे. वाघोटीचं काय? तू खोटी का हा ताटे खोटा?"

मग मी सांगितलं. माळ सांगितला, वरची आळी सांगितली, आड सांगितला. आडाचं सांगताना माझा आवाज जरा भरला आणि मला त्याची लाज वाटली, कारण ही चहाच्या विक्रीची बैठक होती.

"अप्पा, गोष्ट छान आहे," डोईफोडे म्हणाले. चष्मा परत डोळ्यांवर आला होता. "पण माळ कुणाच्या हद्दीत येतो? वसाहती कुणाच्या हद्दीत? ताटेने दुसऱ्याच्या हद्दीत माल विकलाय. नियम नियम आहे."

ताटेने माझ्याकडे पाहिलं. मी अप्पांकडे.

"वाघोटी कुठाय पोरी?" अप्पांनी विचारलं. "नीट बघून सांग."

"पाण्यात," मी म्हणाले. "तुम्ही बघताय तिथेच. मी ठिपका हलवलेला नाही."

अप्पांनी भिंतीवरच्या निळ्यावर बोट ठेवलं. त्यांच्या विभूतीच्या कपाळावर अर्धा जलाशय पडला होता.

"डोईफोडे, पाण्यावर कुणाची हद्द असते?"

"म्हणजे... तशी कुणाचीच नाही, पण..."

"मग झालं. बिलावर वाघोटी आहे, वाघोटी पाण्यात आहे, पाणी कुणाच्या बापाचं नाही. ताटे तिथे विकत राहील." खोलीत एक हसू फुटलं, पण ते आता ताटेवर नव्हतं. "कुणी खोटं नाही, कुणी घरी जाणार नाही."

"पण एक गाडी तर बंद करायचीय," राजशेखर म्हणाला. बिचारा तेवढंच पाठ करून आला होता.

अप्पांनी खिडकीबाहेर पाहिलं. खाली सावलीत डोईफोडे साहेबांची कंपनीची जीप उभी होती. तिला पडदे होते.

"ती," अप्पा म्हणाले.

मी कागद आवरत होते तेव्हा ताटे आला. आभार वगैरे मानायची त्याची पद्धत नव्हती. "बाई, तुमी होडीत बसायचं राह्यलं," तो म्हणाला. मग घसा खाकरून, "ह्ये कागद टाकून देणार का?"

"नवे काढायचेत. हे काय करायचेत?"

"गावाचा आन् पाण्याचा, ठिपक्याचा. येवढे तीन द्या."

मी दिले. त्याने ते गुंडाळून काखेत घातले आणि मिशीला पीळ देत निघून गेला.

बार्शीला मी गेले नाही. त्या मुलाचं लग्न झालं आणि रांगोळी उत्तम काढणारी बायको त्याला मिळाली असं ऐकलं. घुंगरू छाप चहा पुढे आठदहा वर्षांत बंद पडला. अप्पा गेले, राजशेखरने जागा विकून पैसे केले. मी पुण्याला आले. आता मी मोठ्या दुकानांच्या साखळ्यांसाठी तेच काम करते, संगणकावर. थर चालू करायला बोट लागतं, बंद करायला बोट लागतं. कुठलाच कागद प्रोजेक्टरच्या उष्णतेने वाकत नाही.

दोन वर्षांपूर्वी एका कामासाठी त्या बाजूला गेले होते. गुरुवार होता. ड्रायव्हरला म्हटलं, जरा आत घे. माळापर्यंत आता चांगला रस्ता झालाय. बाजार होता. जीपच्या जागी 'छोटा हत्ती' टेम्पो आणि मोटरसायकली आल्या होत्या, माणसांच्या हातांत मोबाइल होते, पण वेशीवर बांगड्यावाली होतीच. सुभद्राआक्का वारली. हॉटेल तिची सून चालवते, पत्र्याची शेड घातलीय. शेडच्या मागच्या भिंतीला खिळे ठोकून, कडा पिवळ्या पडलेले, माझे तीन कागद लावले होते. निळा रंग उडून राखाडी झाला होता. लाल ठिपका मात्र ताजा दिसत होता. जवळ जाऊन पाहिलं तर शाई केव्हाच उडाली होती आणि त्या जागी कुणीतरी कुंकू भरलं होतं.

"म्याच भरती दर गुरुवारी," सून म्हणाली. "दुसऱ्या कुठल्या नकाशात आमचं गाव दावत न्हाईत. सरकारी न्हाई, मोबाइलवर बी न्हाई. ह्यातच तेवढं हाय."

"हा नकाशा मी काढलाय," मी म्हणाले.

तिने मला आपादमस्तक न्याहाळलं. मग बाकड्यावरच्या म्हाताऱ्यांकडे बघून ती हसली. "न्हाई ओ. त्यो ताटेअण्णानं काढलाय. होडीत बसून, मोजून मापून. सगळ्यांना म्हाईताय."

म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. मी वाद घातला नाही. चहा मागवला. फक्कड होता. कुठला म्हणून विचारलं तर तिने पुडा वर करून दाखवला, आमच्या त्या वेळच्या सगळ्यांत कट्टर वैऱ्याचा. मला इतकं हसू आलं की बशीत सांडला.

निघाले तेव्हा ड्रायव्हरने गाडी समोरच लावली होती, बाजाराच्या पलीकडे. मी कडेकडेने, बांगड्यावालीच्या बाजूने फिरून त्याच्याकडे गेले. मधली जागा मोकळीच होती.

"मॅडम, सरळ यायचं की," तो दार उघडत म्हणाला. "एवढा वळसा कशाला?"

"मध्ये आड आहे," मी म्हणाले.